शर्यतीत पॅसेंजरसाठी थांबलेला भिकाजी

कट्ट्याच्या तिठ्यावर कुणालाही विचारा, "शर्यतीत पॅसेंजर घेवक थांबलो तो भिकाजी खंय रवता?" तो माणूस आधी पोट धरून हसेल आणि मग हात करून घर दाखवेल. तुम्ही तिथवर गेलात तर भिकाजी गावडे स्वतः पडवीत खुर्ची ओढून देईल आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगेल. माणसं आपली फजिती उंबऱ्याच्या आत लपवतात, भिकाजीने ती पाहुण्यांसाठी बाहेर मांडून ठेवली आहे. त्याचं म्हणणं असं, की लोक हसायचे ते हसणारच, मग निदान गोष्ट तरी नीट सांगितली जावी. दुसऱ्याने सांगितली की तो चांगले चांगले भाग गाळतो.

साठ वर्षं झाली तरी गडी अजून गाडी चालवतो. आधी सहा आसनी होती, म्हणजे नावाला सहा, बसायचे अकरा. आता मॅजिक टेम्पो आहे. कट्टा ते मालवण आणि मालवण ते कट्टा, सदतीस वर्षं. तो सांगतो, "एवढ्या अंतरात माणूस अमेरिकेक जावन चारदा परत येयत. मी मात्र दर खेपेक मालवणाकच पोचलंय."

पण हा माणूस एके काळी शर्यतीतला ड्रायव्हर होता, आणि तेही खोटं नाही.

गावाच्या माथ्यावर काळ्या कातळाचा सपाट सडा होता. होता म्हणायचं, कारण आता तिथे चिरेखाण आहे. ज्या वळणावर भिकाजीची अब्रू गेली, ते वळण केव्हाच कापलं गेलं आणि त्याचे चिरे कुणाच्या तरी बंगल्याच्या भिंतीत बसले. पंचवीसेक वर्षांपूर्वी मात्र तो सडा शाबूत होता आणि जत्रा झाली की तिसऱ्या दिवशी सकाळी त्यावर मोटारींची शर्यत व्हायची. मोटारी तरी कसल्या? मुंबईत म्हाताऱ्या होऊन गावी आलेल्या टॅक्स्या, कुणाची टपाला पत्रा मारलेली मारुती, मागचे दरवाजे नसलेली एक ॲम्बॅसिडर. काचा काढायच्या, मागची सीट काढायची, उरलेले दरवाजे सुंभाने बांधायचे. ब्रेक हवेत असा नियम होता, पण ते तपासायला पुढे कोण होणार? हॉर्न मात्र प्रत्येकाने न सांगता जागेवर ठेवला होता. हॉर्न न वाजवता गाडी चालते हे आमच्याकडे आजही कुणाला खरं वाटत नाही.

चुन्याची फक्की टाकून वाटोळा मांड आखायचा. एक फेरी साडेचारशे पावलांची, अशा दहा फेऱ्या. शर्यत सात-आठ मिनिटांत आटपायची, पण तिच्या आधीचं गाऱ्हाणं चांगलं पंधरा मिनिटं चालायचं. देवाचा मानकरी गावकर नारळ हातात घेऊन गाड्यांच्या पुढ्यात उभा राहायचा. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां ह्या सड्यार गोळा झाली हत. पाच गाडयो धावतत. कोणाचो टायर फुटाचो नाय, कोणाचा डोक्या फुटाचा नाय, कोणाची गाडी कोणाच्या काजीच्या बागेत घुसाची नाय, असा कर रे म्हाराजा!" सगळा सडा ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" मग गावकर आवाज चढवायचा, "आणि जो कोण वायट नजर लावीत, त्येची क्लच प्लेट जळांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" एका वर्षी क्लच प्लेट खरंच जळाली, ती नेमकी भिकाजीची. तेव्हापासून तो म्हणतो, वाईट नजर माझीच होती, देव बरोबर ओळखतो.

आणि ते ड्रायव्हर! शर्यतीचं शिक्षण कुणाला होतं? ज्याने त्याने आपापल्या धंद्यातली सवय मांडावर आणलेली. मंगेश डंपर चालवायचा. समोर कुणी आलं तर त्याने बाजूला व्हायचं, हे एवढंच त्याला ठाऊक, आणि सड्यावरही तो तसाच धावायचा. दोडामार्गचा सुदेश केळ्यांची गाडी घेऊन गोव्यात जायचा. चेकनाका जवळ आला की गाडी आपोआप हळू आणि चेहरा आपोआप गरीब करायची त्याला खोड, त्यामुळे पंचांच्या टेबलापुढून तो दर फेरीला नम्रपणे जायचा. देवगडचा धोंडू आंब्याच्या पेट्या मुंबईला पोचवायचा. हापूसला धक्का लागता कामा नये म्हणून अख्ख्या घाटात एक खड्डा न चुकवता सोडलेला नाही अशी त्याची ख्याती. सड्यावरचा प्रत्येक खळगासुद्धा तो वळसा घालून चुकवायचा, आणि शर्यत संपून लोक पांगायला लागले की सावकाश, गाडीला एक ओरखडा न पाडता, पोचायचा. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

भिकाजीकडे गिरगावातल्या चुलतभावाची टॅक्सी आली होती. काळं अंग, पिवळं टप, आणि बाहेरच्या बाजूला मीटर तसाच. मीटर काढायला गेलं की त्याच्याबरोबर पत्रा यायचा, म्हणून त्याने तो राहू दिला. शर्यतीत मीटर लावून धावणारा जगातला पहिला ड्रायव्हर मीच, हा त्याचा आवडता दावा आहे.

आता जे तो गोष्टीत कधी सांगत नाही, ते सांगायला हवं. त्याला जिंकायचं होतंच, कुणाला नसतं? पण त्याला त्याहूनही जास्त काय हवं होतं, तर बायकोने, सत्यवतीने, एकदा सड्यावर येऊन त्याला गाडी मारताना बघावं. बाकीच्यांच्या बायका छत्र्या आणि डबे घेऊन जांभळीखाली बसायच्या. मंगेशची बायको तर नवऱ्याने कुणाला ठोकलं की टाळ्या वाजवायची. भिकाजी दर वर्षी गाडीत बसण्याआधी त्या जांभळीकडे एकदा बघायचा आणि मग सुंभाने दार बांधून घ्यायचा.

सत्यवती येत नव्हती याला कारण होतं. पहिल्याच वर्षी भिकाजीची गाडी एका दगडावर चढली आणि शांतपणे कुशीवर झाली. खांद्याचं हाड मोडलं. पुढचे दीड महिने गडी पडवीत आडवा. वायंगणाच्या भाताची लावणी सत्यवतीने एकटीने केली, कडेवर लहान मूल घेऊन म्हशीचं बघितलं, आणि संध्याकाळी चिखलाच्या हातांनी घरी येऊन, हात धुऊन, या शूरवीराला चमच्याने पेज भरवली. तो उठून चालायला लागला त्या दिवशी तिने देवीपुढे नारळ ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवीची आण घेवन सांगतंय, त्या मांडाक माझो पाय लागाचो नाय. तुमका मराचा आसा तर मरा. बघूक माका बोलावू नकात."

तरी तो दर वर्षी बोलवायचा. जत्रेच्या आधी दोन दिवस, उगाच काहीतरी शोधत चुलीपाशी जाऊन उभा राहायचा. "यंदा येतलंस?"

"माका कामां आसत."

एवढंच. असं सहा वर्षं झालं. तो सहा वेळा शर्यतीत उतरला, सहा वेळा हरला, आणि घरी आल्यावर तिने एकदाही विचारलं नाही की काय झालं. जेवण वाढायची. भिकाजी म्हणतो, हरलेल्या माणसाला असं न विचारणारी बायको मिळायला नशीब लागतं. पण हे म्हणताना तो दुसरीकडे बघतो.

दोन हजार तीन साली सातवी शर्यत. त्या दिवशी सगळेच ग्रह उलटे फिरले असावेत. दुसऱ्या फेरीत सुदेशच्या गाडीतून वाफ आली आणि तो खाली उतरून बोनेट उघडून आत तोंड घालून बसला. तिसऱ्या फेरीत मंगेशने ॲम्बॅसिडरला बाजूने असा धक्का दिला की तिचं चाक फक्कीबाहेरच्या चरात गेलं. चौथ्या फेरीत तोच मंगेश वळण सोडून सरळ काजूच्या दिशेने निघून गेला, आणि परत मांडावर येईपर्यंत अर्धी फेरी मागे पडला. धोंडू आपल्या काल्पनिक आंब्यांना जपत मागून येत होता. म्हणजे पुढे कोण? भोंग्यावरच्या माणसालाही खरं वाटेना. तो दोनदा थांबून म्हणाला, "फुडे... फुडे आसा... भिकाजी गावडे?"

नववी फेरी. जांभळीपुढून जाताना भिकाजीने सवयीने बघितलं. छत्र्या होत्या, डबे होते, सत्यवती नव्हती. त्याला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की ॲक्सिलेटरवरचा पाय हलला. आज तरी यायचं होतं गो, असं तो मोठ्याने म्हणाला, पण त्या गाडीच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही.

मांडाच्या पलीकडच्या अंगाला, करवंदीच्या जाळीजवळ एक वळण होतं. तिकडे प्रेक्षक नसायचे, कारण सगळी धूळ तिकडेच जायची. फक्त परशुराम नावाचा गावातलाच एक माणूस लाल फडकं घेऊन उभा असायचा. भिकाजी त्या वळणाला आला तेव्हा समोरून सकाळचं ऊन थेट डोळ्यांत, तांबडी धूळ हवेत, आणि त्या धुळीत, फक्कीच्या कडेला, एका बाईचा हात वर झालेला.

पंधरा वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? रस्त्याच्या कडेला हात वर झाला की गाडी थांबवायची. डोक्याला कळायच्या आत पायाला कळलं. ब्रेक लागले, आणि नशीब बघा, सात वर्षांत पहिल्यांदाच नीट लागले. टॅक्सी वीस पावलं घसरत जाऊन उभी राहिली. भिकाजी डावीकडे वाकला, बिनकाचेच्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि रोजच्या आवाजात ओरडला, "बेगीन बसा, बेगीन बसा! कट्टा, कट्टा!"

मागे धुळीत एका बाईने पदर तोंडावर ओढला आणि ती करवंदीच्या जाळीमागे पळाली. परशुराम लाल फडकं हातात धरून आ वासून उभा. "रे भिकाजी," तो म्हणाला, "शर्यत आसा मरे ही!"

तेव्हा भिकाजीला आठवलं की शर्यत आहे. तोपर्यंत इंजिन बंद पडलं होतं. मंगेश हॉर्न वाजवत गेला. धोंडूसुद्धा गेला, आणि जाताना सज्जनपणे हात करून विचारत गेला, काय अडचण आहे का. परशुरामने ढकलून दिली तेव्हा गाडी सुरू झाली आणि भिकाजी शेवटून पहिला आला. परशुरामच्या तोंडात तीळ भिजणं शक्य नव्हतं. भिकाजी गाडीतून उतरायच्या आत बातमी जांभळीपर्यंत पोचली होती, आणि अख्खा सडा एकच प्रश्न विचारत होता, "मीटर टाकलंस काय रे?"

त्या वर्षीचा बक्षिसाचा स्टीलचा हंडा मंगेशने नेला. पण मंगेश जिंकला हे आज कुणाला आठवत नाही. भिकाजी हरला हे दोडामार्गपासून देवगडपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या वर्षी तो शर्यतीत उतरला नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सड्यावर चिरेखाणीचं मशीन आलं.

फजिती झाल्यावर माणसापुढे दोन वाटा असतात. एक, तोंड लपवायचं. दुसरी, आपणच आधी हसायचं. भिकाजीने त्याच दिवशी घरापुढच्या खळ्यात बसून दुसरी वाट धरली आणि मग ती सोडली नाही. गोष्ट सांगायला माणूस हुशार, आणि गाडीत रोज नवे ऐकणारे. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसा मसाला वाढत गेला. पहिल्या वर्षी ती बाई "एक म्हातारी" होती. पुढच्या वर्षी ती सत्तर वर्षांची झाली आणि तिचे दात पडले. मग ऐंशीची झाली, पाठीत वाकली, तिच्या काखेत एक कोंबडी आली. मग ती बोलायलाही लागली. गाडीत वाकून बघते आणि म्हणते, "मेल्या, हेच्यात सीट खंय आसा? त्यापेक्षा माझी एसटी बरी!" या जागेवर लोक इतके हसायचे की भिकाजीला गाडी हळू करावी लागायची.

घरी पडवीत गोष्ट सुरू झाली की सत्यवती चहा ठेवून आत जायची. भिकाजीला वाटायचं, कंटाळली असेल बिचारी. शंभरदा ऐकलेलं कोण ऐकणार?

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी अपेक्षा आली. ही मंगेशची मुलगी. पणजीला नोकरी करते आणि सुट्टीला घरी येते. जत्रेच्या दिवशी देवळापुढे पडदा लावून जुन्या शर्यतींच्या आठवणी दाखवायच्या असं गावातल्या पोरांनी ठरवलं होतं, आणि मोबाइल घेऊन एकेका ड्रायव्हरकडे जाण्याचं काम हिच्याकडे होतं. धोंडूकडे जाऊन आली होती, सुदेशकडे जाऊन आली होती. "पण खरी गोष्ट तुमची, काका," ती म्हणाली.

भिकाजीने इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि मोबाइलपुढे ताठ बसला. "नमस्कार. मी श्री. भिकाजी तुकाराम गावडे, व्यवसायाने वाहनचालक, सदर शर्यतीसंबंधी दोन शब्द सांगू इच्छितो..."

"काका, तहसीलदारासमोर नाय बसलात तुमी," अपेक्षा म्हणाली. "आपल्या भाशेत सांगा."

मग गडी खुलला. गाऱ्हाणं झालं, क्लच प्लेट झाली, मंगेश काजूत गेला. अपेक्षाला बापाची एवढी नालस्ती ऐकून फार आनंद झाला. सत्यवती दाराशी सूप घेऊन वाल सोलत बसली होती. आज चहा आधीच होऊन गेला होता, त्यामुळे तिला आत जायला निमित्त नव्हतं.

"आणि नवव्या फेरयेक," भिकाजी आवाज खाली आणून म्हणाला, "त्या वळणार बघतंय तर काय, ऐंशी वर्सांची म्हातारी! तोंडात दात नाय, काखेत कोंबडी..."

"कोंबडी नव्हती," सत्यवती म्हणाली.

भिकाजीने हात झटकला. गोष्ट रंगात आली की मध्ये बोललेलं त्याला खपत नाही. "तुका काय म्हायत? तू थंय नव्हतंस."

"दात पण होते. सगळे होते. अजून आसत."

आधी अपेक्षाच्या लक्षात आलं. तिने मोबाइल हळूच मांडीवर उतरवला. भिकाजी मात्र अजून कोंबडीपाशीच अडलेला. त्याची बुद्धी नेहमी मागची गाडी पकडून येते, हे तो स्वतःच सांगतो.

"हिरव्या रंगाची साडी होती," सत्यवती वाल सोलत म्हणाली. "आणि ऐंशी वर्सां नाय. एकतीस."

भिकाजी बायकोकडे बघत राहिला.

"तू?"

"मी."

"पण तू आण घेतल्लंस. देवीची."

"मांडाक पाय लागाचो नाय म्हणान घेतल्लंय. मी फक्कीच्या भायर उभी होतंय. एक पाऊल भायर." हे ती अशा ठामपणे म्हणाली, की बावीस वर्षं ती या एका पावलाचा खटला मनात लढत असावी. "चुलीपाशी उभी होतंय. भोंग्यार तुमचा नाव इला, तुमी फुडे आसात म्हणान. मागल्या पाणंदीन धावत वर इलंय."

"मगे हात कित्याक केलंस?" भिकाजी जवळजवळ ओरडलाच. "हात केल्यार माणूस थांबतलोच मा!"

सत्यवतीने सूप खाली ठेवलं. "थांबूक नाय केलंय. तुमी फुडे होतास म्हणान केलंय. सगळ्यांच्या फुडे. माका बघून इतक्या बरा वाटला की हात आपोआप वर गेलो. माका काय म्हायत तुमी ब्रेक मारतलास?"

अपेक्षाला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं.

"सांगलंस कित्याक नाय?"

"सांगूक येय होतंय. त्याच दिसा. तर तुमी खळ्यात बसान लोकांक सांगी होतास, एक म्हातारी होती म्हणान. लोक हसा होते, तुमी पण हसा होतास. म्हटलां, आता माझ्यापायी हरलास ह्या मी खंयच्या तोंडान सांगू? फुडच्या वर्सा सांगूया म्हटलां, तर फुडच्या वर्सा माझे दात पडले. मगे कोंबडी इली." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "कोंबडी इल्यार माका राग इलो. म्हटलां, आता सांगूचंयच नाय."

भिकाजीपाशी कुठल्याही प्रसंगाला एक चुटका तयार असतो. हाड मोडलं तेव्हा होता, शर्यत हरला तेव्हा होता. त्या दुपारी चुटका बाजूला राहिला आणि त्याने खुर्ची सत्यवतीकडे वळवली. सात वर्षं ज्या माणसासाठी तो जांभळीकडे बघत आला, ते माणूस जांभळीखाली नव्हतंच. ते पलीकडच्या धुळीत, चुन्याच्या रेघेबाहेर एक पाऊल, एकटं उभं होतं. त्याच्यासाठी धावत सडा चढून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नुसतं त्याच्याकडे बघून आनंदाने हात वर केला, आणि या शहाण्याने तिला सांगितलं, बेगीन बसा. वर बावीस वर्षं तालुकाभर तिचे दात पाडत फिरला. त्याला स्वतःची एवढी लाज वाटली, आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला, की त्यातलं आधी काय करावं हे त्याला कळेना. मग त्याने, मान खाली घालून, आजवर कधी न विचारलेली गोष्ट विचारली.

"गाडी कशी चालवी होतंय मी?"

सत्यवतीने विचार केला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही.

"वळणार जरा जास्ती जोरात घेय होतास," ती म्हणाली. "पण बरी चालवी होतास. खूप बरी."

अपेक्षा नंतर सांगत होती, की तिचा मोबाइल मांडीवर असला तरी चालूच होता. चित्रात पडवीचं छप्पर आणि आवाज तेवढा या दोघांचा. तिने प्रामाणिकपणे विचारलं, हे पुसून टाकू का, जत्रेला जुनीच गोष्ट दाखवू? भिकाजीने सत्यवतीकडे बघितलं. ती म्हणाली, "माका काय. कोंबडी काढा म्हणजे झाला."

जत्रेला देवळापुढे पडद्यावर छप्पर दिसलं आणि गावाने ते ऐकलं. भिकाजीला वाटलं होतं, लोक आता तरी गप्प होतील. कसले गप्प होतात! आजवर तो पॅसेंजरसाठी थांबणारा होता, आता स्वतःच्या बायकोला पॅसेंजर समजून वर तिला न ओळखणारा झाला. परशुराम सभेतच उठून म्हणाला की देवीशपथ, मी पण वळाखलंय नाय, पण ती माझी बायल नव्हती. मंगेशने तर भिकाजीला मिठीच मारली. "मेल्या, तू मेलंस आता," तो म्हणाला, "ह्या फुडची पन्नास वर्सां पुरतला!"

त्याचं खरं झालं. मॅजिकमध्ये बसल्या बसल्या माणसं नवी गोष्ट सांगायला लावतात, आणि भिकाजी सांगतो. सत्यवती मालवणच्या बाजाराला निघाली की पुढच्या सीटवर बसते आणि चुकेल तिथे मध्येच दुरुस्त करते. दात सगळे परत आले आहेत, कोंबडी गेली आहे, आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त हसतात. हसू ओसरलं की भिकाजी थोडा थांबतो आणि शेवटचं एक वाक्य सांगतो, "पण ही म्हणता, मी फुडे होतंय. सगळ्यांच्या फुडे." या वाक्याला कुणी हसत नाही. भिकाजीचं त्याबद्दल काही म्हणणं नाही.